शिव्या प्लेअरला, दुखणं फाइलीचं

परभणीत माझं दुकान आहे, कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचं. त्यामुळे 'व्हिडिओ चालत नाही' या जातीची सगळी पत्रं संपादक माझ्याकडं सरकवतात. या खेपेचा ढीग लग्नसराई आणि सप्ताह उरकल्यानंतरचा आहे, म्हणजे भरपूर आहे. बहुतेकांकडं व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर आहे, म्हणून कळा आणि मेनू त्याचेच सांगते, विंडोजवरच्या 3 क्रमांकाच्या आवृत्तीतले.

प्रश्न : ताई, पुतणीच्या लग्नाचा व्हिडिओ भाच्यानं नव्या फोनवर काढला. फोनवर एकदम झकास दिसतो. माझ्या लॅपटॉपवर मात्र आवाज पुढं पळतो अन् चित्र अडकत अडकत मागून येतं. मधेच सगळं राखाडी होऊन पसरतं. दुकानदार म्हणला कोडेक पॅक टाका. टाकला, काही फरक नाही. आता म्हणतो लॅपटॉपच बदला. — एक शेतकरी, जिंतूर

उत्तर : लॅपटॉप बदलू नका, आणि तो कोडेक पॅक आधी काढून टाका. व्हीएलसीचे डिकोडर, म्हणजे दाबलेला व्हिडिओ उलगडणारे भाग, त्याच्या पोटातच असतात, बाहेरून टाकलेल्या पॅककडं तो बघतसुद्धा नाही. पॅकनं भलं होत नाहीच, उलट विंडोजच्या बाकीच्या प्रोग्रॅममध्ये ढवळाढवळ मात्र होते.

आता व्हिडिओ चालू ठेवून कंट्रोल आणि जे ही कळ दाबा. एक छोटी खिडकी उघडेल. तिच्यात कोडेकचं (व्हिडिओ दाबायच्या-उलगडायच्या पद्धतीचं) नाव, चित्राची लांबी-रुंदी आणि फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, ते दिसतं. तुमच्या लक्षणांवरून तिथं एचईव्हीसी किंवा एच.265 असं लिहिलेलं असणार, मोजमाप 3840 बाय 2160 (यालाच 4के म्हणतात) आणि फ्रेम रेट 60 च्या आसपास. त्याच खिडकीत स्टॅटिस्टिक्स नावाचा टॅब आहे. तिथं 'लॉस्ट' म्हणून एक आकडा असतो, म्हणजे वेळेत दाखवता न आल्यामुळं टाकून दिलेल्या फ्रेम. तो आकडा डोळ्यांदेखत वाढत असेल तर फाइल चांगली आहे, तुमच्या मशीनला ती झेपत नाही एवढंच. राखाडी पसरण्याचंही कारण बहुधा तेच. दाबून ठेवलेल्या व्हिडिओत प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते, बहुतेक फ्रेममध्ये आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच असतं. आधीचीच हरवली तर पुढचीला आधार राहत नाही.

जुना एच.264 आला 2003 मध्ये, एचईव्हीसी 2013 मध्ये. नव्यात तेवढ्याच दर्जाचं चित्र साधारण निम्म्या जागेत बसतं, म्हणून फोन कंपन्यांना तो आवडतो. पण जागा वाचली ती फुकटात नाही. ते चित्र परत उलगडायला हिशेब कितीतरी जास्त करावा लागतो. तो दोन ठिकाणी होऊ शकतो: मुख्य प्रोसेसरवर, नाहीतर ग्राफिक्समध्ये त्याच कामासाठी कोरलेल्या वेगळ्या सर्किटवर. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एचईव्हीसीची अशी पूर्ण सोय सहाव्या पिढीपासून, म्हणजे 2015 पासून आली, आणि 10 बिट, म्हणजे रंगांच्या जास्त छटा असलेल्या चित्राची सातव्या पिढीपासून. नव्या फोनवर एचडीआर चालू असेल तर चित्र 10 बिटच असतं. पिढी ओळखणं सोपं आहे. आय-3 नंतरच्या आडव्या रेघेपुढं 5005 असेल तर पाचवी पिढी, 7100 असेल तर सातवी. दहाव्या पिढीपासून पहिले दोन आकडे बघायचे.

सातवी किंवा त्यापुढची असेल, किंवा सहावी असून चित्र 10 बिट नसेल, तर टूल्स, प्रेफरन्सेस, इनपुट/कोडेक्स इथं जा. हार्डवेअर डिकोडिंगच्या चौकटीत 'ऑटोमॅटिक' आहे का बघा. कुणीतरी 'डिसेबल' करून ठेवलेलं असतं. ऑटोमॅटिकवर चित्र हिरवं-गुलाबी व्हायला लागलं तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना आहे. तो लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून घ्या, 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून मिरवणाऱ्या फुकट्या प्रोग्रॅममधून नको.

पाचवी किंवा त्याआधीची असेल, किंवा सहावी असून चित्र 10 बिट असेल, तर प्लेअरशी झटण्यात अर्थ नाही, व्हिडिओच बदलून घ्या. हँडब्रेक नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. त्यात फाइल टाका, 'फास्ट 1080पी30' हा प्रीसेट निवडा, रात्री चालू करून झोपा. जुन्या मशीनवर एक तासाच्या 4के व्हिडिओला कैक तास लागतात, मधे बंद पाडू नका. मूळ फाइल मात्र हार्ड डिस्कवर जपून ठेवा. उद्या मशीन बदललं की तीच बघायची आहे.

अन् भाच्याला सांगा, पुढच्या लग्नाला कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'हाय एफिशियन्सी' बंद करून 1080 वर शूटिंग कर. आयफोन असेल तर फॉरमॅट्समध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल'. मंडपातल्या हॅलोजनच्या उजेडात 4के नं मुंडावळ्या काही जास्त चमकत नाहीत.

प्रश्न : तोच लॅपटॉप, तोच सिनेमा, तीच फाइल. सकाळी नीट चालते, दुपारी दहा मिनिटांनी धापा टाकायला लागते. असं कामून होतंय? — निवृत्त बँक कर्मचारी, नांदेड

उत्तर : काका, तुम्ही सकाळ-दुपार लिहिलंत म्हणून निदान पत्रातच झालं. नांदेड-परभणीकडं मे महिन्यात पारा 42-43 ला टेकतो. प्रोसेसर एका मर्यादेपलीकडं तापला की स्वतःला वाचवायला आपला वेग स्वतःच कमी करतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सवर जा आणि सीपीयूचा 'स्पीड' बघत राहा. सुरुवातीला अडीच-तीन गिगाहर्ट्झ दिसणारा आकडा अडकायला लागल्यावर एकदम एकच्या खाली आला, तर दुसरं काही शोधायची गरज नाही.

लॅपटॉप गादीवर, मांडीवर, उशीवर ठेवत असाल तर ते आधी बंद करा. हवा आत घ्यायच्या जाळ्या खालच्या अंगाला असतात. फळीवर किंवा टेबलावर ठेवा. तरी फरक नाही पडला तर आतून साफ करून घ्या. आमच्याकडं येणाऱ्या लॅपटॉपच्या पंख्यात सरकीच्या धुळीची अक्षरशः गादी निघते, जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांच्या तर विचारूच नका. चार वर्षांहून जुनं मशीन असेल तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही वाळलेली असते, ती बदलायला सांगा. कूलर असला तरी त्याच्या झोतासमोर लॅपटॉप मांडू नका. ती ओली हवा आहे.

प्रश्न : जय हरी ताई. गावच्या सप्ताहाचं काल्याचं कीर्तन हँडीकॅमवर घेतलं. कॉम्प्युटरवर बघताना महाराजांनी हात हलवला की हाताला कंगव्यासारख्या आडव्या रेघा येतात. टीव्हीला कॅमेरा जोडला की येत नाहीत. दुसरं म्हणजे दर थोड्या वेळानं मृदंगाचा बोल तुटतो, एक क्षण शांत, मग पुढं चालू. गावातले लोक म्हणतात कॅमेरा खराब आहे. — एक टाळकरी, गेवराई तालुका

उत्तर : जय हरी. कॅमेरा ठणठणीत आहे, ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत.

रेघांचं आधी. आपल्याकडच्या टीव्हीची जुनी पद्धत पाल, सेकंदाला 25 फ्रेम. पण त्या कॅमेऱ्यात एक फ्रेम एका दमात टिपली जात नाही. आधी 1, 3, 5 अशा विषम ओळी, आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर सम ओळी. म्हणजे सेकंदाला 50 अर्धी चित्रं. डब्बा टीव्ही ती तशीच एकामागोमाग दाखवायचा, डोळ्याला काही कळायचं नाही. आजचा टीव्ही ती आतल्या आत जुळवून घेतो. कॉम्प्युटरवर दोन्ही अर्धी एकाच वेळी शेजारी मांडली गेली, तर तेवढ्या वेळात महाराजांचा हात सरकलेला असतो, म्हणून फक्त हलणाऱ्या गोष्टीला रेघा. मागं उभा असलेला विणेकरी स्वच्छ दिसत असणार, बघा.

व्हीएलसीत व्हिडिओ मेनूमध्ये डीइंटरलेस 'ऑन' करा आणि खालच्या मोडमध्ये 'याडिफ (2एक्स)' निवडा. अर्धी चित्रं पूर्ण करून सेकंदाला 50 दाखवली जातात, टाळ वाजवणारे हातसुद्धा सळसळीत दिसतात.

पण हे कार्डावरच्या मूळ फाइलीला लागू. कुणी मिक्सिंग करून दिलेली सीडी किंवा एमपी4 असेल तर आधी एक तपासणी करा. हात हलताना व्हिडिओ थांबवा आणि रेघ जवळून बघा. रेघा बारीक, एकसारख्या, एकाआड एक असतील तर इलाज आहे. जाड, लाटांसारख्या, कुठं गडद कुठं फिकट असतील तर मिक्सिंगवाल्यानं रेघा न काढताच चित्र लहान केलं, आणि त्या चित्रातच मुरल्या. आता कुठलाही प्लेअर त्या काढू शकत नाही. त्याच्याकडून कच्ची फाइल मागून घ्या आणि पुन्हा काम करून घ्या. माझ्या धंद्यातल्या लोकांना राग येईल, पण हे आळसाचं काम आहे. प्रोजेक्टमध्ये एक खूण करायची असते, ती करत नाहीत.

आता मृदंग. हँडीकॅमचं कार्ड फॅट32 पद्धतीचं असतं तेव्हा एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही. काही कॅमेरे 2 जीबीलाच तुकडा पाडतात. कॅमेरा न थांबता रेकॉर्ड करतो, पण कार्डावर 00001, 00002, 00003 अशा एमटीएस फाइली पडतात. तुम्ही त्या व्हीएलसीत ओळीनं लावल्या की प्रत्येक जोडावर तो एक फाइल बंद करून दुसरी उघडतो. बोल तिथं तुटतो. रेकॉर्डिंगमध्ये तुटलेला नाही.

कार्डावरून नुसत्या एमटीएस फाइली उचलू नका. 'एव्हीसीएचडी' नावाचं अख्खं फोल्डर जसंच्या तसं कॉपी करा, कारण कुठला तुकडा कुणाच्या मागं जोडायचा ही नोंद त्यातल्या दुसऱ्या फोल्डरमध्ये असते. मग कॅमेऱ्यासोबत आलेल्या प्रोग्रॅमनं ते आत घेतलं की तुकडे आपोआप सांधले जातात. तो प्रोग्रॅम हरवला असेल तर लॉसलेसकट नावाचा मोफत प्रोग्रॅम घ्या. तो चित्र पुन्हा दाबत नाही, निस्तं एकापुढं एक जोडतो, त्यामुळं दोन तासांचं कीर्तनही चटकन होतं. जोडल्यावर सांध्यापाशी एकदा कान देऊन ऐका. आणि हो, जोडलेली मोठी फाइल पेनड्राइव्हवर जाईना, 'फाइल टू लार्ज' आलं, तर पेनड्राइव्हही फॅट32 आहे. आतला माल दुसरीकडं काढून तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

प्रश्न : व्हीएलसीचं लायसन्स संपलंय म्हणून एकानं 350 रुपये घेतले. आता स्क्रीनवर सारख्या जाहिराती येतात. — गृहिणी, वसमत

उत्तर : वहिनी, फसवलं तुम्हाला. व्हीएलसीला लायसन्सचे पैसे नसतात आणि ते संपतही नाही. 1996 मध्ये पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांनी सुरू केलेला प्रकल्प आहे तो. 2001 पासून जीपीएल नावाच्या मुक्त परवान्याखाली सगळ्यांना मोफत, आणि व्हिडिओलॅन ही ना-नफा संस्था तो सांभाळते. त्यात जाहिरात कधीच नसते. तुमच्याकडं त्याच्या नावाखाली दुसरंच काहीतरी बसवलंय. कंट्रोल पॅनलमधून ते काढा, त्याच तारखेला आलेले बाकीचे अनोळखी प्रोग्रॅमही काढा, विंडोज डिफेंडरचा पूर्ण स्कॅन लावा, आणि व्हिडिओलॅनच्या स्वतःच्या साइटवरूनच पुन्हा घ्या. 350 रुपये परत मागा. मिळणार नाहीत, पण चारचौघांत मागा.

प्रश्न : आमच्या शाळेच्या मुलांनी चारठाण्याच्या बारवेवर छोटी फिल्म केली. ती कर्णबधिर विद्यार्थ्यांनाही दाखवायची आहे, म्हणून मराठी सबटायटल्स तयार केली. एका कॉम्प्युटरवर चौकोन दिसतात, दुसऱ्यावर इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा, तिसऱ्यावर सगळी प्रश्नचिन्हं. माझ्या घरी अक्षरं दिसतात पण पहिली वेलांटी अक्षराच्या मागं जाते. — शिक्षक, सेलू

उत्तर : सर, आधी मुलांना शाबासकी सांगा. चारठाणा परभणी जिल्ह्यात असून परभणीतल्या कितीजणांनी ती बारव पाहिलीय, हा प्रश्न मी माझ्याच दुकानात विचारून गप्प बसले होते.

तुम्ही चारही रूपं वेगवेगळी लिहिलीत, ते फार बरं केलंत, कारण प्रत्येकाचं कारण निराळं आहे.

प्रश्नचिन्हं सगळ्यात वाईट. सबटायटलची एसआरटी फाइल नोटपॅडमध्ये 'एएनएसआय' पद्धतीत सेव्ह झाली. त्या पद्धतीत देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं आणि मूळ मजकूर गेला. ती प्रत टाकून द्या, चांगल्या प्रतीवरून पुन्हा करा. सेव्ह अॅज करताना खाली एन्कोडिंगची चौकट असते, तिथं यूटीएफ-8 निवडायचं. 2019 नंतरच्या विंडोज 10 मध्ये नोटपॅड स्वतःहून तेच निवडतो, शाळेतल्या जुन्या मशीनवर तो निवडत नाही.

गिचमिडा दोन प्रकारचा. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए दर दोन-तीन अक्षरांनी पुन्हापुन्हा येत असेल तर फाइल अगदी बरोबर आहे, प्लेअर ती चुकीच्या पद्धतीनं वाचतोय. प्रेफरन्सेसमध्ये सबटायटल्सच्या पानावर 'डिफॉल्ट एन्कोडिंग' यूटीएफ-8 करा, व्हीएलसी बंद करून पुन्हा उघडा. पण तो ए दिसत नसेल आणि सगळीच चित्रविचित्र चिन्हं असतील, तर मजकूर बहुधा डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप करून घेतलाय. ते युनिकोड नव्हे. त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठीचं चित्र बसवलेलं असतं, फाँट काढला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. तो मजकूर कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणा, आणि मग एक-एक ओळ डोळ्यांनी तपासा. रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. 'बारवेच्या पायऱ्या'मधला ऱ्या बघाच.

चौकोन म्हणजे अक्षर कळलं, पण काढायला फाँट नाही. त्याच पानावर फाँट 'निर्मला यूआय' करा. विंडोज 8 पासून तो सोबतच येतो. त्याआधीच्या मशीनवर 'मंगल' चालेल.

वेलांटी मागं जाते ते तुमच्या घरचं व्हीएलसी जुनं आहे म्हणून. देवनागरीत पहिली वेलांटी उच्चारात नंतर आणि लिहिताना आधी येते. ही मांडणी करण्याची सोय 3 क्रमांकाच्या आवृत्तीत आली, ती 2018 ची. अपडेट करा, सुटेल.

आणि कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमधल्या अनोळखी मशीनवर यातलं काहीच करत बसू नका. हँडब्रेकमध्ये सबटायटल्सच्या टॅबवर एसआरटी आत घ्या, 'बर्न इन'ला खूण करा आणि दुसरी प्रत काढा. अक्षरं चित्रातच छापली जातात, मग समोर कुठलाही प्लेअर असो. अक्षरांचा आकार आणि रंग मात्र नंतर बदलता येत नाही, म्हणून आधी एक मिनिटाचा तुकडा काढून वर्गाच्या शेवटच्या बाकावरून वाचून बघा.

प्रश्न : लातूरला नीटची तयारी करतोय. क्लासनं पेनड्राइव्हमध्ये लेक्चर दिलीत, ती व्हीएलसीत उघडत नाहीत. त्यांच्या प्लेअरमध्ये स्पीड वाढत नाही. शिवाय मी मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या लेक्चरमध्ये सरांचा आवाज लई कमी आहे. — विद्यार्थी

उत्तर : क्लासच्या फाइली कुलूपबंद आहेत, बाळा. त्या त्यांच्याच प्लेअरमध्ये, त्यांच्या किल्लीनं उघडतात. व्हीएलसीत उघडायचा खटाटोप करू नको, 'कुलूप तोडून देतो' म्हणणाऱ्याला पैसे तर अजिबात देऊ नको. स्पीडची मागणी क्लासकडं कर, दहा पोरं मिळून करा.

तुझ्या रेकॉर्डिंगसाठी: चौकोनी कंसाच्या कळा बघ. बंद कंसानं वेग थोडा थोडा वाढतो, उघड्यानं कमी होतो, बरोबरच्या चिन्हानं मूळ पदावर. आवाज चिरका होत नाही. कमी आवाजाला टूल्समध्ये इफेक्ट्स अँड फिल्टर्स, तिथं कंप्रेसर चालू करून 'मेकअप गेन' हळूहळू वर ने. नुसता व्हॉल्यूम ताणलास तर बाकावर पडलेल्या पेनचा आवाज कानात घुसेल आणि सर तिथंच राहतील. मेकॅनिझम समजावताना मात्र वेग मूळचाच ठेव.

प्रश्न : ओठ आधी हलतात, आवाज नंतर येतो. — उदगीर

उत्तर : एका ओळीच्या पत्रावर मला दोन प्रश्न उलटे विचारावे लागतात. स्पीकर ब्लूटूथचा आहे का? आणि फरक पहिल्या मिनिटाला जेवढा, तेवढाच तासाभरानंतर आहे का?

ब्लूटूथ असेल आणि फरक कायम तेवढाच असेल तर दोष फाइलीचा नाही. आवाज दाबून हवेतून पाठवून पलीकडं उलगडेपर्यंत थोडा वेळ जातो. जे ही कळ दाबत राहा, एका दाबाला आवाज 50 मिलिसेकंद अलीकडं येतो. जास्त झालं तर के. कुणीतरी टाळी वाजवतं किंवा दार आपटतं असा प्रसंग लावून जुळवा, संवादावर जुळवत बसलात तर फसाल. दुसरी फाइल लावली की हे पुन्हा शून्यावर जातं. तारेचा स्पीकर लावला तर प्रश्नच मिटतो.

फरक वाढत जात असेल तर ती फोनवर काढलेली फाइल असण्याची शक्यता जास्त. फोन उजेड कमी-जास्त झाला की फ्रेम रेट बदलत राहतो, आणि काही एडिटिंग प्रोग्रॅमना ते पचत नाही. मूळ फाइल हँडब्रेकमधून 'कॉन्स्टंट फ्रेम रेट'वर काढा आणि मग एडिट करा. आधीच एडिट झालेल्या प्रतीवर जे-के दाबून काही साधत नाही.

प्रश्न : आमच्या भागातल्या एका वृद्ध भारूडकारांची मुलाखत घेतली. कॅमेऱ्याची बॅटरी उतरली होती म्हणून चार्जर लावूनच रेकॉर्डिंग चालू होतं. मधेच लाइट गेली आणि कॅमेरा बंद पडला. कार्डावर एमपी4 फाइल दिसते, आकार 3 जीबीच्या वर आहे, पण कुठल्याच प्लेअरमध्ये उघडत नाही. ते आता आजारी आहेत, पुन्हा बोलता येईल असं वाटत नाही. काही होईल का? — लोककलेचा अभ्यासक, अंबाजोगाई

उत्तर : होण्याची बरीच शक्यता आहे. म्हणून हे वाचताय तिथंच थांबा आणि त्या कार्डावर यापुढं एकही फोटो घेऊ नका, फॉरमॅट तर नकोच. कार्डाच्या कडेला कुलपाची सरकपट्टी असेल तर ती बंद करा आणि अख्खं कार्ड दोन ठिकाणी कॉपी करून ठेवा.

आकार 3 जीबी दिसतोय ही चांगली बातमी. चित्र आणि आवाज बहुतेक सगळा लिहिला गेलाय. एमपी4 मध्ये कुठली फ्रेम फाइलीत नेमकी कुठं आहे, याची यादी वेगळी असते. बरेच कॅमेरे ती यादी तुम्ही स्टॉपचं बटण दाबल्यावर, सगळ्यात शेवटी लिहितात. लाइट गेली तेव्हा ती लिहायची राहिली. यादीशिवाय प्लेअरला ते 3 जीबी म्हणजे नुसता आकड्यांचा ढिगारा आहे. एव्हीआय फाइलीची अशी यादी व्हीएलसी स्वतः बांधून घेतो, एमपी4 ची नाही.

कॉपी झाल्यावर पहिला प्रयत्न कॅमेऱ्यातच करा. सरकपट्टी उघडा, बॅटरी पूर्ण चार्ज करून कार्ड घाला. बऱ्याच कॅमेऱ्यांना अर्धवट फाइल सापडली की ते दुरुस्त करू का असं विचारतात. हो म्हणा.

विचारलं नाही तर अनट्रंक नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो तुटकी फाइल आणि एक धडधाकट फाइल शेजारी ठेवतो, धडधाकटवरून हा कॅमेरा डेटा कसा लिहितो ते शिकतो आणि हरवलेली यादी नव्यानं बांधतो. धडधाकट फाइल त्याच कॅमेऱ्याची आणि त्याच सेटिंगची हवी, तोच आकार, तोच फ्रेम रेट, तोच आवाज. दुसऱ्या कॅमेऱ्याची चालत नाही. शेवटचे काही सेकंद जातील, कधी आवाज आणि चित्र थोडं मागंपुढं होईल, ते जे आणि के नं जुळतं. बाजारात याच कामाचे पैसे घेणारे प्रोग्रॅम आहेत. त्यांची फुकट झलक आधी बघा, मुलाखतीतला एखादा तुकडा खरंच दिसला तरच पैसे भरा.

पुढच्या वेळी सलग रेकॉर्ड करू नका, वीसेक मिनिटांनी थांबून पुन्हा चालू करा, म्हणजे गेलं तर एवढंच जाईल. लॅपटॉपवर ओबीएस या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमनं रेकॉर्ड करत असाल तर एमकेव्ही या प्रकारच्या फाइलीत करा. ती फाइल मधेच तुटली तरी तिथपर्यंतची चालते, आणि नंतर ओबीएसमधूनच तिची एमपी4 करून मिळते.

आणि सर, दुकानात यायचं ठरवलंत तर कार्डासोबत कॅमेरा, त्याची बॅटरी आणि चार्जरही आणा. मुलाखतीच्या दिवशी होतं ते सेटिंग अजिबात बदलू नका. नमुन्याची फाइल मी त्याच कॅमेऱ्यावर इथंच काढून घेईन.